राजेंद्रनगरपासून निपानियापर्यंत: इंदूरच्या उपनगरांतली माणसं, उत्पन्न आणि घरं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घर घ्यायचं असतं, आईवडिलांना जवळ आणायचं असतं, मंडळाच्या कार्यक्रमासाठी हॉल हवा असतो, नाहीतर वॉर्डात दवाखाना मागायचा असतो. कारण कुठलंही असो, विचारपूस शेवटी तिथेच येते: इथे राहतं कोण, कमावतात किती आणि घरं कशी आहेत? इंदूरच्या बाहेरच्या वस्त्यांबद्दल मराठी कुटुंबं जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. सगळ्या उत्तरांमागे आग्रह एकच आहे. आकडा कानावर आला की तो कुठल्या हद्दीचा, कुठल्या वर्षाचा आणि कोणी मोजलेला, हे आधी विचारा. लोक आयुष्यभराची पुंजी घरात घालतात. ऐकीव आकड्यावर ती घालू नये, असं मनापासून वाटतं.

इंदूरची लोकसंख्या नेमकी किती? कोणी वीस लाख सांगतं, कोणी बत्तीस, कोणी त्याहून जास्त.

वीस आणि बत्तीस दोन्ही बरोबर आहेत, फक्त हद्द वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेत नगर निगमच्या (म्हणजे महापालिकेच्या) तेव्हाच्या हद्दीत सुमारे १९ लाख ९४ हजार लोक होते. शहराला लागून वाढलेला भाग धरून जो नागरी समूह मोजतात, त्यात सुमारे २१ लाख ७० हजार. आणि महू, सांवेर, देपालपूर या तहसिलींसकट अख्ख्या जिल्ह्यात ३२ लाख ७६ हजार. त्यापुढचे जे आकडे हल्ली भाषणांत आणि बिल्डरांच्या माहितीपत्रकांत दिसतात ते अंदाज आहेत. अंदाज वाईट नसतो, पण तो कशावरून काढला हे सोबत लिहिलेलं नसेल तर त्यावर निर्णय घेऊ नका.

जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत जवळपास ३३ टक्क्यांनी वाढली. ही वाढ राजवाडा, जेल रोड, रामबाग या जुन्या भागांत मावणं शक्यच नव्हतं. ती बाहेर गेली आणि म्हणूनच उपनगरांचे प्रश्न वेगळे काढून पाहावे लागतात.

२०११ चे आकडे फार जुने झाले. नवे कधी मिळणार?

२०२१ ची जनगणना कोविडमुळे लांबली आणि मग लांबतच गेली. आता ती २०२७ ची जनगणना म्हणून ठरली आहे. आपल्या भागासाठी संदर्भाचा क्षण २८ फेब्रुवारी संपून १ मार्च २०२७ सुरू होतो ती मध्यरात्र आहे. त्याआधी घरयादीचं काम, म्हणजे घर कसं आहे, पाणी कुठून येतं, दारात वाहन कोणतं ही नोंद, एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळासाठी ठरवलेली आहे. या वेळी नोंदणी मोबाइलवर होणार आहे, स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोय आहे आणि जातीचीही नोंद होणार आहे.

आकडे छापून हातात यायला मोजणीनंतरही वेळ जातो. तोवर २०११ चा पाया आणि खाली सांगितलेल्या स्थानिक खुणा यांवरच काम भागवावं लागेल.

आमची कॉलनी २०११ मध्ये शहरात नव्हतीच. तिचे आकडे कुठे शोधायचे?

हा प्रश्न निपानिया, कनाडिया, बिचोली हप्सी, पालदा, लिंबोदी या बाजूंनी सर्वात जास्त येतो आणि इथेच सर्वात जास्त घोळ होतो. २०१४ मध्ये २९ गावं नगर निगमात घेतली गेली. वॉर्ड ६९ चे ८५ झाले आणि शहराचं क्षेत्रफळ २७६ चौरस किलोमीटरवर गेलं. म्हणजे आज जो वॉर्ड क्रमांक तुमच्या मालमत्ता कराच्या पावतीवर आहे, त्या क्रमांकाचा २०११ चा तक्ता उघडलात तर तो दुसऱ्याच कुठल्यातरी मोहल्ल्याचा निघेल. चांगले शिकलेले लोक इथे फसलेले पाहिले आहेत.

बरोबर रस्ता असा. तुमची कॉलनी ज्या गावाच्या जमिनीवर आहे ते गाव रजिस्ट्रीत (खरेदीखतात) किंवा खसऱ्यात (जमिनीच्या सरकारी नोंदीत) लिहिलेलं असतं. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत त्या गावाची ओळ ग्रामीण विभागात शोधा. त्या ओळीत क्रमाने एकूण कुटुंबं, एकूण माणसं, पुरुष, स्त्रिया, सहा वर्षांपर्यंतची मुलं, अनुसूचित जाती, जमाती, साक्षर आणि मग काम करणारे, असे रकाने असतात. काम करणाऱ्यांमध्ये शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग आणि ‘इतर’ अशी विभागणी असते. बाहेरच्या गावांत ‘इतर’ हा रकाना शेतकऱ्यांच्या रकान्यापेक्षा मोठा दिसला तर समजा की २०११ मध्येच त्या गावाचा कल शहराकडे वळला होता.

एक मात्र लक्षात ठेवा. त्या ओळीतली माणसं बहुतेक गावठाणातली असतात. आज जिथे बारा मजली इमारती उभ्या आहेत तिथे तेव्हा सोयाबीन आणि गहू होता. जुन्या गावाच्या साक्षरतेवरून आजच्या कॉलनीबद्दल मत बनवू नये आणि आजच्या कॉलनीवरून गावठाणातल्या कुटुंबांना विसरूही नये. दोन्ही एकाच वॉर्डात, एकाच पाण्याच्या टाकीवर राहतात.

राऊ इंदूर शहरात धरायचं का?

कामाधंद्याच्या दृष्टीने हो, कागदाच्या दृष्टीने नाही. राऊची स्वतःची नगर परिषद आहे. कर तिथे भरायचा आणि तक्रारही तिथेच न्यायची. आयआयएम १९९६ पासूनचं, राजेंद्रनगरच्या बाजूचं प्रगत तंत्रज्ञान केंद्र (लोक अजूनही ‘कॅट’च म्हणतात) १९८४ पासूनचं, पुढे पीथमपूरचे कारखाने, तेही धार जिल्ह्यात. या सगळ्यांमुळे त्या रस्त्यावर पगारदार वस्ती वाढली. पण आकडे काढताना शहर, राऊ आणि पीथमपूर एकत्र मिसळू नका.

आज आमच्या कॉलनीत किती माणसं राहतात, हे आपलं आपण कसं काढायचं?

तीन-चार वाटा आहेत आणि त्या एकमेकींशी ताडून पाहायच्या.

पहिली वाट विजेची. घरगुती मीटर किती, हे वीज कंपनीच्या झोन कार्यालयातून कळू शकतं. मीटर म्हणजे साधारण घर, पण मोठ्या घरात वरच्या मजल्याला वेगळं मीटर असतं आणि रिकाम्या फ्लॅटलाही मीटर असतं. गेल्या काही महिन्यांचा वापर जवळजवळ शून्य असलेली मीटरं वेगळी काढली की राहत्या घरांचा आकडा बराच खरा येतो.

दुसरी मतदार यादी. ती भाग क्रमांकानुसार असते, म्हणून गल्लीपर्यंत जाता येतं. पण तीत १८ वर्षांखालचे नाहीत, आणि नोकरीला पुण्याला गेलेला मुलगा वर्षानुवर्षं तीत असू शकतो.

तिसरी मध्य प्रदेशची खास. समग्र आयडी. कुटुंबाला ८ अंकी आणि माणसाला ९ अंकी क्रमांक असतो. सरकारी योजनेला, शाळेच्या प्रवेशाला तो लागतो, म्हणून वस्तीतल्या कुटुंबांची नोंद त्यात बरी असते. सुखवस्तू कॉलन्यांत मात्र अनेकांनी तो काढलेलाच नसतो किंवा जुन्या पत्त्यावर असतो. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्यांना तर तो असतो हेही माहीत नसतं.

चौथी आणि सर्वात भरवशाची वाट म्हणजे दारोदार जाणं. रहवासी संघाने मनावर घेतलं तर दोन रविवारांत होतं. फक्त विचारायचं नीट. राजेंद्रनगरच्या एका जुन्या घरी झालेलं बोलणं पाहा:

“काकू, घरात किती जण?”
“आम्ही पाच.”
“पाचही जण इथेच राहता?”
“हो तर. म्हणजे मोठा बंगळुरूला असतो, सूनबाईही तिकडेच. धाकटी पुण्याला. दिवाळीला येतात की सगळे!”
“आणि आज रात्री जेवायला किती?”
“आज? आम्ही दोघंच.”

काकूंनी खोटं काहीच सांगितलं नाही. त्यांच्या मनातलं घर पाच माणसांचंच आहे आणि ते तसंच राहो. पण पाणी, कचरा, दवाखाना यांचा हिशेब करायचा तर त्या घरात दोन माणसं राहतात, दोन्ही सत्तरीच्या आसपासची. जनगणनासुद्धा नेहमी तिथे राहणाऱ्यालाच मोजते आणि एका स्वयंपाकावर जेवणाऱ्यांना एक कुटुंब धरते. वरच्या मजल्यावरचा भाऊ वेगळी चूल मांडून असेल तर ती दोन कुटुंबं, आडनाव आणि जिना एकच असला तरी.

म्हणून फॉर्मवर ‘घरात किती जण’ असा एकच प्रश्न ठेवू नका. ‘इथे वर्षातून सहा महिन्यांहून जास्त कोण राहतं’ आणि ‘कुटुंबातलं बाहेरगावी कोण आहे’ असे दोन ठेवा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लोक जास्त आपुलकीने देतात आणि त्यातूनच पहिल्याचं खरं उत्तर मिळतं.

इथे मराठी माणसं किती आहेत?

२०११ मध्ये मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे १.७ टक्के होते. त्यात बऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा, बालाघाट हे महाराष्ट्राला लागून असलेले जिल्हेही येतात. जिल्हानिहाय मातृभाषेचा तक्ता जनगणनेत असतो, पण कॉलनीनिहाय नसतो. त्यामुळे ‘राजेंद्रनगरात अमुक टक्के मराठी’ असं जे सांगितलं जातं त्याला सरकारी आधार नाही.

वस्ती कशी पसरली हे मात्र स्पष्ट दिसतं. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वर-भानपुऱ्याकडून इंदूरला स्थिरावली, आणि दरबार, फौज, शिक्षण, वकिली यांच्या निमित्ताने मराठी घरं राजवाड्याच्या आसपास वाढली. जागा अपुरी पडली तशी पुढची पिढी लोकमान्यनगर, सुदामानगर, वैशालीनगर, राजेंद्रनगर अशी पश्चिमेला आणि दक्षिणेला सरकली. गणपतीच्या दिवसांत या भागांतून फिरलात, किंवा सकाळी दुकानात साबुदाणा मागणाऱ्यांची बोली ऐकलीत, की वेगळं सांगावं लागत नाही. आता तिसरी-चौथी पिढी निपानिया, बिचोली, सुपर कॉरिडॉरकडे फ्लॅट घेते आहे आणि पहिल्यांदाच मराठी घरं एकमेकांपासून लांब लांब विखुरली जात आहेत. कार्यक्रमाला गर्दी कमी का, याचं एक उत्तर इथे आहे.

एक विनंती. जनगणनेत मातृभाषा घरातल्या प्रत्येक माणसाची वेगळी विचारतात आणि त्याखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा नोंदवता येतात. प्रगणक घाईत सगळ्यांपुढे हिंदी लिहून मोकळा होऊ शकतो. घरात मराठी बोलत असाल तर मुलांपुढेही मराठीच लिहून घ्या. दोनशे वर्षांची वस्ती कागदावर कमी दिसली तर शाळा, ग्रंथालय, नाट्यगृह काहीही मागताना हात रिकामे राहतात.

स्त्री-पुरुष प्रमाण कमी का दिसतं?

२०११ मध्ये जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९२८ स्त्रिया होत्या. एक कारण बाहेरून कामाला आणि शिकायला एकटे येणारे तरुण. भंवरकुआच्या कोचिंग पट्ट्यात हे उघड दिसतं. होस्टेलमध्ये राहणाऱ्यांना जनगणना कुटुंबात न धरता संस्थेत राहणारे म्हणून वेगळं मोजते, पण माणशी मोजणीत ते येतातच. एवढ्यावर मात्र समाधान मानू नये. सहा वर्षांपर्यंतच्या मुला-मुलींचा रकाना वेगळा काढून पाहा, कारण तिथे स्थलांतराची सबब चालत नाही.

जनगणनेत लोकांचं उत्पन्न कळतं का?

नाही. जनगणना उत्पन्न विचारतच नाही. कोणी ‘जनगणनेनुसार या भागाचं सरासरी उत्पन्न’ म्हणून आकडा दाखवला तर तिथेच थांबा.

जनगणना विचारते ते काम आणि वस्तू. माणूस वर्षातून सहा महिने किंवा जास्त काम करतो की कमी, कशाचं काम, कामाला जातो कसा, घरात टीव्ही, संगणक, फोन, सायकल, स्कूटर, मोटार आहे का, भिंत, छप्पर, फरशी कशाची, खोल्या किती, नळ घरात की बाहेर. यावरून ऐपतीचा अंदाज बांधता येतो, रुपयांचा आकडा नाही.

रुपयांसाठी दुसरीकडे पाहावं लागतं. सरकारच्या घरगुती खर्चाच्या पाहणीत २०२२-२३ साली शहरी मध्य प्रदेशात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,९८७ रुपये आला होता. तोच अखिल भारतीय शहरी आकडा ६,४५९ होता. चार माणसांच्या घराला हे महिना वीस हजारांच्या आसपास जातं. बिल्डरांच्या जाहिरातीतला ‘मध्यमवर्ग’ आणि या पाहणीतला सरासरी माणूस यांच्यात केवढं अंतर आहे ते इथे कळतं. रोजगाराची पाहणी २०१७ पासून नियमित चालू आहे आणि २०२५ पासून तिची रचना जिल्हा धरून केली आहे, त्यामुळे पुढे जिल्ह्यापुरतं काही हाती लागण्याची आशा आहे. कॉलनीपुरतं लागणार नाही.

मग आमच्या भागाचं ‘सरासरी उत्पन्न’ काढावं का?

सरासरी काढू नका, मधलं घर शोधा. समजा एका गल्लीत दहा घरं आहेत. नऊ घरांत महिना ४० हजार येतात आणि दहाव्या घरी ६ लाख. सरासरी येते ९६ हजार, आणि त्या गल्लीत ९६ हजार मिळवणारं घर एकही नाही! दहाही घरं उत्पन्नाच्या क्रमाने मांडली तर मधली घरं ४० हजारांचीच निघतात आणि गल्ली खरोखर तशीच आहे.

उत्पन्न थेट विचारलं की लोक अवघडतात, आणि ते रास्तच आहे. गट द्या आणि खूण करायला सांगा. नाव नको. सोबत उत्पन्न कशातून येतं हे विचारा: पगार, धंदा, पेन्शन, भाडं, मुलं पाठवतात ते पैसे. किती येतात यापेक्षा कुठून येतात यावरून कॉलनीची प्रकृती जास्त कळते.

राजेंद्रनगर, वैशालीनगरसारख्या जुन्या वसाहती श्रीमंत समजायच्या का? तिथल्या जमिनीचे भाव तर खूप आहेत.

भाव जमिनीचे आहेत, घरातल्या माणसांच्या हातात ते पैसे आलेले नसतात. ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी प्लॉट घेऊन हळूहळू घर बांधलं, ते बहुतेक शिक्षक, बँकेतले, वीज मंडळातले, सरकारी खात्यातले. कलेक्टर गाइडलाइन (सरकारने ठरवलेला जमिनीचा दर) वर्षानुवर्षं वाढत गेली आणि त्यांचं घर कागदावर मोठ्या रकमेचं झालं. महिन्याला घरात येते ती पेन्शन. छप्पर गळायला लागलं तरी दुरुस्तीचा खर्च झेपत नाही, जिना चढवत नाही, आणि बाहेरून पाहणारा म्हणतो, ‘यांचं काय, करोडपती!’

म्हणूनच मालमत्तेचा दर पाहून भागाला संपन्न ठरवणं आणि तिथे सरकारी दवाखाना, ज्येष्ठांची सोय, स्वस्त बस यांची गरज नाही असं म्हणणं हा मोठा अन्याय आहे. या वसाहतींत वय हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे. साठीपुढची माणसं किती, त्यांतली एकटी किती, हे आधी मोजा.

आणखी एक. या घरी धुणी-भांडी करणाऱ्या ताई, गाडी धुणारा मुलगा, रात्रीचा चौकीदार हे त्याच वॉर्डातल्या बस्तीत राहतात. सर्वेक्षणातून ते वगळले तर तो भागाचा सर्व्हे नव्हे, फक्त बंगल्यांचा.

ईडब्ल्यूएस, एलआयजी, एमआयजी (दुर्बल, अल्प आणि मध्यम उत्पन्न गट) यांची मर्यादा काय?

२०२४ मध्ये सुरू झालेल्या शहरी पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस, ३ ते ६ लाख एलआयजी, ६ ते ९ लाख एमआयजी. जुन्या टप्प्यात एमआयजीची मर्यादा १८ लाखांपर्यंत जात होती, म्हणून जुनी माहिती वाचून अर्ज करू नका. आरक्षणाच्या ईडब्ल्यूएस दाखल्याची ८ लाखांची मर्यादा ही वेगळी गोष्ट आहे.

शहराच्या पूर्वेला कनाडिया विस्तार भागात ‘लाइट हाउस’ नावाच्या सरकारी गृहप्रकल्पाची १,०२४ घरं दुर्बल गटासाठीची आहेत. १ जानेवारी २०२१ ला त्यांची पायाभरणी झाली आणि कारखान्यात तयार केलेले भिंतीचे पॅनेल जोडून ती उभी केली गेली. खासगी कॉलनी काढतानाही दुर्बल गटासाठी जागा ठेवावी लागते किंवा त्याऐवजी आश्रय शुल्क भरावं लागतं. शुल्क भरून मोकळं होण्याची वाट सोपी असल्याने एकाच उत्पन्नाच्या लोकांच्या, गेट लावलेल्या कॉलन्या वाढत गेल्या. हे शहराच्या हिताचं नाही.

प्लॉट घ्यावा, डुप्लेक्स घ्यावा की मल्टीत (बहुमजली इमारतीत) फ्लॅट?

पुण्या-मुंबईहून येणारे फ्लॅट शोधतात, इंदूरचे जुने लोक अजून प्लॉटच म्हणतात. इथे आपल्या जमिनीची ओढ मोठी आहे. वयस्कर आईवडील असतील तर लिफ्ट आणि जनरेटर असलेली, जुन्या बाजारापासून जवळची मल्टी आम्ही सुचवू. डुप्लेक्समध्ये झोपायच्या खोल्या वर असतात आणि साठीनंतर तो जिना रोजचा होतो. प्लॉट घेऊन ठेवायचा असेल तर पुढचा प्रश्न दोनदा वाचा.

मल्टीतल्या फ्लॅटला मध्य प्रदेशचा २००० सालचा प्रकोष्ठ स्वामित्व अधिनियम लागू होतो. गच्ची, पार्किंग, जिना यांवर हक्क कोणाचा हे त्यानुसार ठरतं. बिल्डरने गच्ची वेगळी विकली असं कोणी सांगितलं तर कागद वकिलाला दाखवा.

‘डायरीवर’ प्लॉट स्वस्त मिळतोय. घ्यावा का?

घेऊ नका.

डायरी म्हणजे साध्या वहीतलं पान किंवा चिठ्ठी: प्लॉट क्रमांक, दर, दिलेले पैसे आणि सही. अजून ना परवानगी असते ना रजिस्ट्री. तीच डायरी पुढे दुसऱ्याला, तिसऱ्याला चढ्या भावाने विकली जाते. शेवटच्या माणसाच्या हातात कागद राहतो आणि जमीन शेताचीच राहते. जिल्हा प्रशासनाने अशा सौद्यांवर बंदी आणली, कारवाया केल्या, तरी शहराच्या कडेला ते चालतात. यात फसणारे बहुतेक निवृत्तीचे पैसे घालणारे असतात, याचं फार वाईट वाटतं.

पाहायचं ते असं. जमिनीचा खसरा कोणाच्या नावावर आहे. शेतीतून निवासी वापराचं डायव्हर्शन झालं आहे का. टीएनसीपीने (राज्याच्या नगर नियोजन खात्याने) मंजूर केलेला नकाशा आहे का. हा नकाशा हातात घ्या आणि जागेवर उभे राहा: नकाशात जिथे बगीचा हिरव्या रंगात दाखवला आहे तिथे प्रत्यक्षात काय आहे? जिथे ४० फुटांचा रस्ता लिहिला आहे तिथे पावलांनी मोजा. तुमचा प्लॉट बंधक ठेवलेल्यांपैकी तर नाही ना, हे विचारा. विकासाची कामं पुरी होईपर्यंत काही प्लॉट नगर निगमकडे बंधक असतात आणि ते विकता येत नाहीत. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन किंवा आठपेक्षा जास्त घरं असलेल्या प्रकल्पाला रेराची (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची) नोंदणी लागते. तो क्रमांक रेराच्या स्थळावर स्वतः टाकून पाहा, माहितीपत्रकावर छापलेल्यावर भागवू नका.

रजिस्ट्रीनंतर नामांतरण (सरकारी नोंदीत मालकाचं नाव बदलणं) करायला विसरू नका. आणि रजिस्ट्री घरातल्या बाईच्या नावावर केली तर २०२१ पासून नोंदणी शुल्क ३ टक्क्यांऐवजी १ टक्का लागतं. पैसे वाचतात आणि घर तिच्या नावावर होतं. ही चांगलीच गोष्ट आहे.

नवीन भागांत संध्याकाळी इतक्या खिडक्या अंधारात का असतात?

रिकामी घरं. २०११ मध्येच शहरी भारतात सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी नोंदली गेली होती. गुंतवणूक म्हणून घेतलेली, मुलं परत येतील म्हणून ठेवलेली, भाडेकरू नको म्हणून बंद ठेवलेली. फ्लॅट पाहायला दुपारी जाऊ नका, रात्री साडेआठला जा. किती घरांत दिवा आहे ते पाहा. अर्धी मल्टी अंधारात असेल तर लिफ्टचा, चौकीदाराचा, पाण्याचा खर्च उरलेल्या अर्ध्यांवर पडतो.

भाड्याची घरं किती?

शहरी भारतात २०११ मध्ये सुमारे ६९ टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात आणि २७.५ टक्के भाड्याने होती. इंदूरच्या विद्यार्थी भागांत आणि आयटी कंपन्यांजवळ भाडेकरू जास्त, जुन्या प्लॉटच्या कॉलन्यांत कमी. भाडेकराराची आणि पोलिस पडताळणीची कागदपत्रं दोन्ही बाजूंनी पुरी ठेवावीत.

पाण्याचं काय?

हा प्रश्न खरं तर पहिला असायला हवा. इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ मध्ये आलं, जलूदहून, सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून, विंध्याचा चढ चढवून. त्याआधी यशवंत सागर आणि बिलावलीसारख्या तलावांवर शहर चालायचं. जुन्या कॉलन्यांत नर्मदेची लाइन आहे. ती बहुधा एक दिवसाआड आणि ठरावीक वेळ येते. बाहेरच्या नव्या कॉलन्यांत अनेक ठिकाणी अजून बोरिंग आणि टँकर.

विक्रेत्याला ‘पाणी आहे का?’ विचारलंत तर ‘भरपूर’ हेच उत्तर येईल. शेजारच्या घरी विचारा: मे महिन्यात बोरिंग चालतं का, टँकर महिन्याला किती घेता, नर्मदेचं कनेक्शन तुमच्या नावावर आहे की कॉलनीच्या. कॉलनी अजून नगर निगमला हँडओव्हर झाली नसेल तर पाणी, दिवे, रस्ते यांची जबाबदारी कोणावर, हे लेखी घ्या.

हे सगळे आकडे जमवले. आता वॉर्डात मागणी कशी मांडायची?

एका पानात. वर हद्द लिहा: कुठल्या गल्लीपासून कुठल्या गल्लीपर्यंत. मग मोजलेली तारीख. मग राहती घरं, राहती माणसं, साठीपुढचे, सहा वर्षांखालचे, भाडेकरू, टँकर घेणारी घरं. अंदाजाने भरलेल्या आकड्यापुढे ‘अंदाज’ असं लिहाच. त्याने बाकीच्या आकड्यांवरचा विश्वास वाढतो. नावं, फोन, उत्पन्न यांची यादी सोबत जोडू नका, ती संघाच्या कपाटातही फार दिवस ठेवू नका.

झोनल कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या आणि एक प्रत पार्षदांना (नगरसेवकांना) द्या. शेजारच्या बस्तीतल्या लोकांच्या सह्याही घ्या, कारण पाण्याची लाइन आणि दवाखाना त्यांनाही लागतो. मागणी एकच ठेवा. पाच मागण्यांचा अर्ज पाच खात्यांत फिरत राहतो.